झीज गृहीत धरून
गवत कापायच्या जुन्या यंत्राचे इंजिन आणि दुरुस्तीचा विसरलेला इतिहास

दोन महायुद्धांमधल्या काळातल्या एखाद्या इंग्लिश लॉनमोअरचे इंजिन खोलले, सिलिंडर उचलून बाजूला ठेवला आणि पिस्टनच्या माथ्यावर साचलेला काळा कोळसा खरवडून काढला, की कधी कधी धातूत ठोकलेला एक आकडा उघडा पडतो. ‘२०’ किंवा ‘४०’. हा पिस्टन मूळ मापापेक्षा वीस किंवा चाळीस थाऊ मोठा आहे, एवढाच त्याचा अर्थ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इंजिन झिजले होते, कोणीतरी त्याचा सिलिंडर पुन्हा बोअर केला आणि त्या वाढलेल्या भोकात बसेल असा मोठा पिस्टन घातला, ही सगळी हकिगत त्या एका आकड्यात असते. ज्याच्या बागेत ते यंत्र चालले त्याचे नाव कोठे नोंदलेले नसते. यंत्राला किती वेळा नवा जन्म मिळाला ते मात्र पिस्टनवर नोंदलेले असते.

पण या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मोठा पिस्टन दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने घडवलेला नव्हता. तो मापाबरहुकूम तयार होऊन, डब्यात बंद होऊन दुकानात आलेला होता. म्हणजे सिलिंडर किती झिजेल, झिजल्यावर तो किती कापावा लागेल आणि मग कोणत्या मापाचा पिस्टन लागेल, याचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला होता. यंत्र झिजणार हे गृहीत धरूनच ते विकले जात होते. हे गृहीत कोठून आले, किती काळ टिकले आणि कसे सुटले, त्याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे.

ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली एक आक्षेप घेतला होता. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांचा इतिहास म्हणून लिहितो, आणि वापर व देखभाल यांना त्यात जागाच देत नाही, असा तो आक्षेप. तो रास्त आहे. शोधाला तारीख असते, पेटंट असते, संशोधकाचे तैलचित्र असते. दुरुस्तीला यांपैकी काही नसते. म्हणून तिचा इतिहास अवजारांतून, मापांतून आणि सुट्या भागांतून वाचावा लागतो. त्यासाठी आगगाडीपेक्षा किंवा विमानापेक्षा गवत कापायचे यंत्र बरे. ते कोणाच्या अभिमानाचा विषय नव्हते. ते बिघडले तर कोणाचा जीव जाणार नव्हता. तरीही ते दुरुस्त होत राहिले, म्हणून त्यामागचा हिशेब स्वच्छ दिसतो.

कापडाच्या गिरणीतून हिरवळीवर

या यंत्राचा जन्म बागेतला नाही, कापडाच्या गिरणीतला आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातले स्ट्राउड हे गाव लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होते. विणलेल्या लोकरी कापडावर तंतूंची लव उभी राहते. ती सारखी छाटली की कापड गुळगुळीत दिसते. हे काम करणाऱ्या यंत्रात एका आडव्या रुळावर मळसूत्री पाती बसवलेली असत. तिथल्याच एडविन बिअर्ड बडिंग या कारागिराच्या मनात आले, की लव छाटता येते तर गवत का नाही? ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याने पेटंट घेतले. जॉन फेराबी या भागीदाराच्या ओतकामाच्या कारखान्यात यंत्रे बनू लागली, आणि १८३२मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने ती बनवण्याचा परवाना घेतला.

तोवर हिरवळ कापली जाई ती लांब दांड्याच्या विळ्याने, आणि तीही पहाटे, कारण दव पडलेले गवत पात्यापुढे नीट उभे राहते. हे कसबी माणसाचे काम होते. सारखी, चट्टे न पडलेली हिरवळ हवी असेल तर असे बरेच कसबी गडी पदरी असावे लागत. बडिंगच्या यंत्राने हे कसब चाकांत आणि दातऱ्यांत घातले. मागचा रूळ जमिनीवर फिरतो, दातऱ्या ती गती वाढवून पुढच्या रुळाला देतात, आणि त्यावरची फिरती पाती खालच्या स्थिर पात्याला हलकेच घासून कात्रीसारखी कापतात.

‘हलकेच घासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. या कात्रीत दोन पाती एकमेकांच्या इतकी जवळ असावी लागतात, की मध्ये धरलेला कागद कापला जावा. अर्थात ती झिजतात. म्हणून या जातीच्या यंत्रांत दोन पात्यांमधले अंतर स्क्रूने जुळवून घेण्याची सोय असते. पाते झिजले की स्क्रू थोडा पिळायचा. फारच झिजले की पाती काढून सहाणेवर धार लावायची आणि पुन्हा जुळवायची. झीज हा येथे अपघात मानलेला नाही, तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. स्क्रूने जबडा कमीजास्त करता येणारा पाना बनवण्याचे श्रेयही याच बडिंगला दिले जाते. जुळवून घेता येणारे यंत्र आणि जुळवून घेता येणारा पाना एकाच डोक्यातून यावेत, हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

तट्टू, वाफ आणि पेट्रोल

पहिली यंत्रे माणूस ढकलत असे. मोठी यंत्रे आली तेव्हा ओढायला तट्टू जुंपले गेले. तट्टाच्या खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून त्याच्या पायांत चामड्याचे बूट घालत. आपल्याकडे हेच काम बैलांनी केले. दिल्लीच्या विस्तीर्ण हिरवळींवर बैलाने ओढायची यंत्रे फार उशिरापर्यंत चालत होती. इंग्लंडमध्ये १८९३ साली लँकेशरच्या लेलँड गावातल्या जेम्स समनरने वाफेवर चालणाऱ्या लॉनमोअरचे पेटंट घेतले. वजनदार बॉयलर, पाणी भरणे आणि वाफ धरेपर्यंत थांबणे या गोष्टी बागेला परवडण्यासारख्या नव्हत्या. १९०२ साली रॅन्सम्सने पेट्रोल इंजिनावर चालणारे यंत्र बाजारात आणले. तेही प्रचंड मोठे, जमीनदारांच्या इस्टेटींना आणि क्रीडांगणांनाच झेपणारे.

खरा बदल पहिल्या महायुद्धानंतर झाला. माळीकाम करणारे कितीतरी गडी युद्धावरून परतले नाहीत, परतलेल्यांना जुन्या मजुरीत राबायचे नव्हते. १९२१ साली बर्मिंगहॅमच्या चार्ल्स एच. प्यू कंपनीने ‘अ‍ॅट्को’ नावाचे बावीस इंच रुंदीचे यंत्र काढले. कंपनीचा मूळ धंदा साखळ्या बनवण्याचा. ‘अ‍ॅटलस चेन कंपनी’ या नावाच्या संक्षेपातून ‘अ‍ॅट्को’ हे नाव निघाले. किंमत ७५ पौंड, म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई. पहिल्या वर्षी जेमतेम ९०० यंत्रे निघाली. पाच वर्षांत वर्षाचे उत्पादन हजारोंच्या घरात गेले आणि किमती उतरल्या. इंजिनाचे लॉनमोअर ही मध्यमवर्गाला विचार करता येण्याजोगी वस्तू झाली.

त्यावर बसवलेले इंजिन होते वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्स कंपनीचे, २६९ सीसीचे. १८९८च्या सुमारास सायकलचे भाग बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी. तिने १९१३ साली हे टू-स्ट्रोक इंजिन बाजारात आणले, मुख्यतः मोटारसायकलींसाठी. सिलिंडरचा व्यास सत्तर मिलिमीटर, पिस्टनची धावही सत्तर मिलिमीटर. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाचा पंप नाही. हलणारे मुख्य भाग तीनच : पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. पुढे ठिणगीसाठी लागणारा मॅग्नेटोही फ्लायव्हीलच्या पोटात घातला गेला आणि सगळे यंत्र एका हाताने उचलण्याइतके आटोपशीर झाले. व्हिलियर्सने पुढे नाना मापांची इंजिने काढली. ती मोटारसायकलींवर, पंपांवर, जनरेटरवर आणि गवत कापायच्या यंत्रांवर बसली. १९५६ साली कंपनीने आपले विसाव्या लाखावे इंजिन लंडनच्या विज्ञान संग्रहालयाला भेट दिले.

झीज म्हणजे नेमके काय

इतके साधे इंजिन झिजते कोठे? हा प्रश्न इतिहासातही सोडून चालत नाही, कारण दुरुस्तीची सगळी व्यवस्था या उत्तरावर उभी आहे.

सिलिंडर बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा असतो. बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते तेल धरून ठेवतात आणि स्वतःही थोडे वंगणाचे काम करतात. तरीही मिनिटाला काही हजार वेळा वरखाली घासणाऱ्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडर पोखरतातच. ही झीज सगळीकडे सारखी नसते. स्फोटाचा दाब आणि उष्णता वरच्या टोकाला जास्त, आणि नेमके तेथेच तेल पोचायला अवघड. त्यामुळे रिंगा जेथवर चढतात त्याच्या जरा खाली सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो. त्याच्या वर, जेथे रिंग पोचतच नाही, तेथे मूळ मापाची एक कड शिल्लक राहते. अनुभवी मिस्त्री सिलिंडरमध्ये नख फिरवून ही कड चाचपतो. नख अडकले की पुढचे निदान निम्मे झाले. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूला रेटत असतो, म्हणून गोल भोक हळूहळू लंबगोल होते.

लॉनमोअरच्या इंजिनाचा आणखी एक शत्रू म्हणजे धूळ. मोटारसायकल धूळ मागे टाकून पुढे जाते. गवत कापायचे यंत्र स्वतः उडवलेल्या धुळीतच चालत राहते. वाळूचा कण कार्बुरेटरमधून आत गेला की तेलात मिसळून सहाणेचे काम करतो.

टू-स्ट्रोक इंजिनात झिजेची दुसरीही एक जागा आहे, आणि ती नवख्याला फसवते. या इंजिनात क्रँककेस नुसती पेटी नसते. पिस्टन वर जाताना ती पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढते आणि खाली येताना सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे ती एक पंप असते. सुरुवातीच्या व्हिलियर्समध्ये क्रँकशाफ्ट लांब काशाच्या बुशांत फिरत असे, आणि हवा अडवण्याचे कामही त्याच बुशांकडे होते. ते झिजले की फटीतून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन सुरू होता होत नाही. कार्बुरेटर दहा वेळा साफ केला तरी उपयोग नाही. दोष भलतीकडेच असतो.

धुराची साक्षही येथे कामाची नसते. फोर-स्ट्रोक इंजिन निळा धूर मारू लागले तर रिंगा गेल्या असे म्हणता येते. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले, आणि जुन्या काळचे प्रमाण सोळाला एक, म्हणजे गॅलनभर पेट्रोलला अर्धा पिंट तेल. ते इंजिन नवे असतानाही धूर मारणारच. म्हणून येथे मोजमाप हवे. त्यातली एक रीत फार सुंदर आहे. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट पात्यांच्या गेजने मोजायची. साधारण नियम असा, की व्यासाच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ फट असावी. सत्तर मिलिमीटर म्हणजे पावणेतीन इंच, तेव्हा फट आठ ते अकरा थाऊ हवी. आता सिलिंडर दहा थाऊंनी झिजून मोठा झाला असेल, तर परिघ व्यासाच्या तिपटीहून जरा जास्त वाढत असल्याने फट एकतीस थाऊंनी वाढलेली दिसेल. शाळेत शिकलेला ‘पाय’ येथे मिस्त्रीच्या हाताखाली काम करतो आणि लहान झीज तिप्पट मोठी करून दाखवतो.

थाऊचा इतिहास

मोजता आले म्हणून दुरुस्त करता आले. पण मोजण्याची ही कुवत आभाळातून पडलेली नव्हती. तिला दीडशे वर्षे लागली.

१७७५च्या सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनासाठी सिलिंडर बोअर केला. त्याआधी सिलिंडर इतके वेडेवाकडे असत, की पिस्टनच्या कडेने वाफ सुटून जाई आणि फट चिंध्या, चामडे, काथ्या कोंबून बुजवावी लागे. विल्किन्सनने हत्यार धरणारा दांडा दोन्ही टोकांना आधार देऊन फिरवला आणि भोक पहिल्यांदा खऱ्या अर्थाने गोल झाले. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने पन्नास इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असे समाधानाने लिहून ठेवले आहे. त्या काळी अचूकपणाचे माप नाण्याच्या जाडीने सांगितले जाई.

१८५२ साली जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने चिरलेल्या धातूच्या रिंगेचे पेटंट घेतले. स्वतःच्या ताणाने बाहेर फाकणारी ही रिंग सिलिंडरला चिकटून राहते, आणि झिजली तरी काही काळ चिकटून राहते. स्वस्त भागाने महागड्या भागाच्या वाटणीची झीज थोडीफार आपल्या अंगावर घ्यायची, ही कल्पना तिच्यात आहे. त्याच सुमारास जोसेफ व्हिटवर्थ इंचाचे चौथे, आठवे, सोळावे हिस्से सोडून हजाराव्या भागात मोजा, असे आपल्या व्यवसायबंधूंना सांगत होता. शिलिंगची जाडी मागे पडून थाऊ आला तो असा.

हे तिन्ही धागे व्हिलियर्सच्या सिलिंडरमध्ये एकत्र आले. सिलिंडर झिजून लंबगोल झाला, की तो पुन्हा गोल करण्याचा एकच मार्ग : त्याला सर्व बाजूंनी थोडे कापून मोठा करायचा. मोठ्या केलेल्या भोकाला मोठा पिस्टन हवा. प्रत्येक मिस्त्रीने मनाला येईल तेवढे कापले तर प्रत्येकाला वेगळा पिस्टन ओतावा लागेल. म्हणून पायऱ्या ठरल्या. ब्रिटिश यंत्रांत साधारणपणे वीस, चाळीस आणि साठ थाऊ. काही इंजिनांना पंधरा आणि तीस. शेवटची पायरी गाठली, की सिलिंडरमध्ये बिडाची नळी, म्हणजे लाइनर ठोकायचा आणि पुन्हा मूळ मापापासून सुरुवात करायची. सिलिंडरची भिंत ओततानाच इतकी जाड ठेवलेली असे, की हे सगळे कापणे तिने सोसावे. त्या जाडीतले लोखंड पहिल्या मालकाच्या काही कामाचे नव्हते. ते दुसऱ्या, तिसऱ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले होते आणि त्याची किंमत पहिल्या मालकाने मोजलेली होती.

हिवाळ्यातले काम

या राखीव लोखंडाभोवती एक व्यवसाय उभा राहिला. इंग्लंडमध्ये गवत हिवाळ्यात वाढत नाही, त्यामुळे यंत्रे चार महिने पडून असतात. अ‍ॅट्कोने देशभर स्वतःच्या सेवाशाखा उघडल्या. शरद ऋतू सरला की शाखेची गाडी यंत्र घेऊन जाई. पात्यांना धार लावून, इंजिन खोलून, कोळसा काढून, लागेल ते बदलून वसंताआधी परत आणून देई. यंत्र विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध विक्रीने संपत नव्हता.

काम ठरावीक क्रमाने चाले. आधी दोरी किंवा हँडल सावकाश ओढून कॉम्प्रेशन पाहायचे, मग ठिणगी, मग पेट्रोल. इंजिन जाम असेल तर हातोडा लावायचा नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून दिवस-दोन दिवस वाट पाहायची. फ्लायव्हील काढले तर चुंबकाच्या टोकांवर मऊ लोखंडाची पट्टी ठेवायची, कारण जुन्या पोलादी चुंबकांची शक्ती मोकळे ठेवल्यास उतरते. पिस्टन वरच्या टोकाला आणून कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून पाहायचा. आडवा थोडा हलला तर चालतो. उभा हलला तर बेअरिंग गेले. नव्या रिंगा बसवताना त्यांची फट पिस्टनवरच्या बारीक खुंटीवरच यायला हवी. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला खिडक्या असतात. खुंटी नसेल तर रिंग फिरते, तिचे टोक खिडकीत अडकते आणि क्षणात तुटते. बोअर केल्यावर सिलिंडर आरशासारखा चकचकीतही ठेवायचा नाही. होनच्या दगडांनी त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा उठवायच्या. त्या रेघांत तेल टिकते आणि नव्या रिंगा रुळतात.

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध सुरू झाले, पेट्रोलचे रेशनिंग आले आणि हिरवळी खणून भाजीपाला लावला गेला. कारखाने लढाईच्या कामाला लागले. युद्ध संपले तरी पेट्रोलचे रेशनिंग १९५० पर्यंत टिकले, आणि नव्या मालाचा मोठा वाटा परदेशी चलनासाठी निर्यात होऊ लागला. अशा वेळी वीस थाऊंचा पिस्टन असलेल्या यंत्रात चाळीसचा बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९२०च्या दशकात राखून ठेवलेले लोखंड तेव्हा कामी आले.

खबर, सूत आणि थाऊ

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. व्हिलियर्सप्रमाणे आपल्याकडचा एक मोठा यंत्रोद्योगही सायकलींपासून सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. विक्रीबरोबर दुरुस्तीही तेथे होई. १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली, म्हणजे अ‍ॅट्कोच्या आदल्याच वर्षी, ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना पोचवावी, हा त्याचा मूळ हेतू. शं. वा. किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचे वाङ्मयीन मासिक झाले, त्याच्यामागून ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. आज आपण ज्या मासिक-परंपरेचे वारसदार म्हणवतो, तिचा एक उगम यंत्र आणि त्याचा गिऱ्हाईक यांच्यातल्या पत्रव्यवहारात आहे, हे विसरता कामा नये.

आपल्या कारखान्यांत दोन मापे शेजारी शेजारी नांदली. सुताराचे आणि लोहाराचे ‘सूत’ इंचाचा आठवा भाग; फिटरचा ‘थाऊ’ हजारावा. एका सुतात एकशे पंचवीस थाऊ. पुण्याच्या बजाजने व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवायला घेतल्या, १९७२ साली चेतक आली, आणि टू-स्ट्रोक इंजिन घराघरांत पोचले. ‘बोअर मारून घेतला, ओव्हरसाइझ पिस्टन टाकला’ हे वाक्य मग गॅरेजात न जाणाऱ्यांच्याही कानावरून गेले. लेथवाल्याच्या दुकानाबाहेर ओळीने ठेवलेले, खडूने नावे घातलेले सिलिंडर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वुल्व्हरहॅम्प्टनचे हे गणित सांगावे लागत नाही. नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्या काळात जुनी टिकवणे ही हौस नव्हती.

गणित फिरले

१९५०च्या दशकात मूळ व्यवस्थेचा पाया हलला, तो तीन बाजूंनी.

पहिली बाजू यंत्राच्या घडणीची. १९५२ साली सिडनीत मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनने घरच्या घरी एक यंत्र जुळवले. व्हिलियर्सचे इंजिन आडवे केलेले, खाली गरगर फिरणारे सपाट पाते, आणि पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा. त्याचेच पुढे ‘व्हिक्टा’ झाले. या जातीच्या यंत्रात दोन पाती जुळवायची नसतात. गवत कात्रीने न कापता वेगाच्या तडाख्याने तोडले जाते. थाऊंत मोजण्याजोगे तेथे फारसे काही उरलेच नाही.

दुसरी बाजू धातूची. १९५३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ब्रिग्स अँड स्ट्रॅटन कंपनीने साच्यात दाबून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन आणले. ते हलके होते, स्वस्त होते आणि प्रचंड संख्येने काढता येत होते. त्यातली पुष्कळशी इंजिने अशी, की बिडाची नळी वगळून पिस्टन थेट अ‍ॅल्युमिनियमच्या भिंतीवर चाले, आणि त्यासाठी पिस्टनवर क्रोमचा मुलामा दिलेला असे. तोवर इंग्लंडमध्ये स्टोमार्केटच्या सफोक आयर्न फाउंड्रीसारखे कारखाने आपल्या लॉनमोअरसाठी बिडाचीच फोर-स्ट्रोक इंजिने ओतत होते.

तिसरी बाजू मजुरीची, आणि तीच निर्णायक. अ‍ॅल्युमिनियमची इंजिनेही बोअर करता येत. त्यांचेही मोठे पिस्टन मिळत. पण इंजिन खोलणे, मोजणे, लेथवर लावणे, जुळवणे यात कुशल माणसाचा जो दिवस जाई, तो इंजिनापेक्षा महाग होऊ लागला. मग कंपन्या पिस्टन आणि क्रँकशाफ्टसकट तयार जुळवलेला ‘शॉर्ट ब्लॉक’ विकू लागल्या. आतले उघडायचेच नाही. अख्खा गाभा बदलायचा. त्याच्या पुढची पायरी यंत्रच बदलण्याची होती. यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. १९२१ साली ज्या मजुरीच्या वाढीने गवत कापायचे यंत्र बागेत आणले, त्याच वाढीने पुढे त्या यंत्राचा मिस्त्री बागेतून घालवला.

गमावले काय, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. पहिल्या मालकाने दुसऱ्या दुरुस्तीचे लोखंड विकत घ्यायचे, कारखान्याने मोठे पिस्टन वर्षानुवर्षे साठ्यात ठेवायचे, मिस्त्रीने ठरलेल्या पायरीपेक्षा जास्त कापायचे नाही, कारण पुढच्या मिस्त्रीसाठी भिंत उरली पाहिजे : हा एक न लिहिलेला करार होता. त्यातल्या तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. तरी तो पाळला गेला, म्हणूनच पिस्टनवर ‘४०’ हा आकडा सापडतो.

उरलेला करार

आज ही इंजिने पुन्हा सुरू करणारे हौशी लोक इंग्लंडात आहेत. १९९० साली त्यांनी ‘ओल्ड लॉनमोअर क्लब’ स्थापन केला. साउथपोर्टला या यंत्रांचे संग्रहालय आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. कारखाना बंद झालेला, साठ्यातले मोठे पिस्टन संपलेले. मग दुसऱ्याच इंजिनाचा जवळच्या मापाचा पिस्टन शोधायचा, किंवा लाइनर ठोकून मूळ मापाकडे परत यायचे. कराराची एक बाजू कोसळली तरी दुसरी दोघेजण तो निभावू पाहतात. मात्र जुने म्हणून सगळेच राखण्याजोगे असते, असेही नाही. टू-स्ट्रोक इंजिन न जळलेल्या पेट्रोलचा आणि तेलाचा काही भाग धुरात सोडून देते. लहान पेट्रोल इंजिनांच्या प्रदूषणामुळे कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४पासून अशा नव्या बागयंत्रांवर निर्बंध घातले. रोजच्या कामाला विजेचे यंत्र बरे, यात वाद नाही.

पण विजेच्या यंत्राचीही बॅटरी झिजतेच. ब्रिटनने २०२१ साली काही घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना सुटे भाग उपलब्ध ठेवणे सक्तीचे केले. भारत सरकारने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या पहिल्या यादीत मोबाइल आणि मोटारींबरोबर शेतीची अवजारे होती. जे एके काळी कारखानदार आपण होऊन करत, ते आता कायद्याने करवून घ्यावे लागते. कायदा सुटा भाग देऊ शकेल. भिंतीत दोन दुरुस्त्यांपुरते जादा लोखंड ठेवायचे की नाही, हे मात्र यंत्र कागदावर उतरते तेव्हाच ठरते, आणि तेथे खरेदीदार हजर नसतो. नवे यंत्र घेताना किंमत आणि ताकद विचारली जाते. हे झिजल्यावर काय करायचे, हा प्रश्नही त्याच वेळी, दुकानदाराच्या तोंडावर विचारायला हवा. शंभर वर्षांपूर्वी त्याचे उत्तर थाऊंत मिळत असे.